शिंप्याचा राहुकाळ

धारवाडच्या सप्तापुरात लक्ष्मण शिंप्याचं दुकान होतं. राहुकाळात तो नव्या कापडाला कात्री लावत नसे. मशीन चालायची, काजं-बटणं व्हायची, कापणं मात्र बंद. राहुकाळ रोज वेगळ्या वेळी येतो, आणि गिऱ्हाइकं नेमकी तेव्हाच कापड घेऊन येतात, हे त्याचं दुखणं.

सत्त्याहत्तर साली भूगोलाचे प्राध्यापक वादिराज पँट शिवायला आले. सहज बोलून गेले, "राहुकाळ सूर्योदयावरून मोजतात. सूर्य आधी हुबळीला उगवतो, मग धारवाडला, मग केलगेरीला. राहुकाळही तसाच लागणार."

"केलगेरीला किती उशिरा?"

"असेल दोन-चार सेकंद."

"कात्री लावायला तेवढी पुरे," लक्ष्मण म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो राहुकाळाच्या आधी कापडाचं गाठोडं नि फळी सायकलला बांधून केलगेरी गाठू लागला. तळ्याच्या कडेला फळी मांडायची, रेडिओच्या वेळेवर लावलेलं घड्याळ बघायचं, आणि सप्तापुरात राहुकाळ लागला की इथं कापायला घ्यायचं.

बायको यल्लव्वा म्हणाली, "अहो, मग निघायच्या आधी घरीच का कापत नाही?"

"आधी काय, कुणीही कापेल."

यल्लव्वा भाकरी बांधून द्यायला लागली.

केलगेरीकरांना पंचांगाची गरज उरली नाही. सायकल दिसली की "राहुकाळ बंतु", आला राहुकाळ, म्हणायचे आणि हातातलं काम थांबवायचे. पुढं पुढं त्यांना वाटू लागलं, हा शिंपीच राहुकाळ घेऊन येतो.

एके दिवशी गावातल्या कमळाबाईच्या मुलीचा साखरपुडा होता आणि अळणावरची पाहुणेमंडळी अजून वाटेतच खोळंबली होती. कमळाबाईचा भाऊ बाळाप्पा वेशीवर आडवा आला.

"शिंपीअण्णा, इथंच थांबा. तुम्ही आत आलात की लागेल."

"मी थांबलो तरी लागणारच."

"तुम्ही आल्याशिवाय कसा लागेल?"

लक्ष्मणनं घड्याळ पुढं केलं. बाळाप्पानं घड्याळावर तळहात ठेवला आणि चिरमुऱ्यांची पुडी पुढं केली. तासाभरानं पाहुणे आले. भर राहुकाळात साखरपुडा झाला, आणि वेशीवर चिरमुरे खात बसलेल्या लक्ष्मणला कळेना, अपमान झाला की मान.

लग्न चांगलं पार पडलं. वर्षभरात मुलीला जुळी झाली. मग गावकरीच त्याच्याकडे गेले. बाळाप्पा म्हणाला, "तुम्ही आमच्याकडंच राहायला या. खोली देतो. जो इथंच आहे तो येणार कुठून?"

हे लक्ष्मणला पटलं. ऐंशी साली दुकान केलगेरीला हललं आणि गावातला राहुकाळ बंद झाला. लक्ष्मण वाटेल त्या वेळी कापड कापू लागला. त्याला गावाबाहेर जायची तेवढी मनाई होती, कारण गेला तर परत येणार. दोरे-बटणं आणायला यल्लव्वा बसनं धारवाडला जायची, आणि तिच्या येण्यानं काही लागत नव्हतं, म्हणून परतताना मुद्दाम एखादी बस सोडून सावकाश यायची.