मानांग ब्रिगिदाचा धुण्याचा दगड

मानांग ब्रिगिदा, म्हणजे आम्हा सगळ्यांची थोरली ताई, एकाहत्तर वर्षांची झाली, पण तिच्या तोंडाला लागेल असा माणूस आमच्या वस्तीत अजून जन्मला नाही. मी या वस्तीचा मुखिया, तरी ती मला ‘ए तिबोय’ अशीच हाक मारते. नवरा क्रिसांतो जाऊन नऊ वर्षं झाली. “त्याने जन्मात कधी दुसऱ्याच्या नारळाला हात लावला नाही,” हे ती दर रविवारी चर्चच्या पायरीवर ऐकवते. आम्ही माना डोलावतो. न डोलावून जाता कुठे?

तिचं घर म्हणजे सान रोके नगरपालिकेचं शेवटचं घर. मागे उतार, खाली ओढा, ओढ्यापलीकडे तालिसान नगरपालिका. जत्रा कोणत्याही गावची असो, बँडवाले तिच्या दारात वाजवून, जेवून जातात.

यंदा प्रांताने सगळ्या नगरपालिकांच्या हद्दी नव्याने मोजायला काढल्या. मोजणीदाराच्या कागदात लिहिलं होतं की हद्द आकडा कोरलेल्या दगडावरून जाते. तो दगड सापडला मानांगच्या घरापुढे, रस्त्याकडच्या हापशापाशी. ती त्यावर चादर आपटत होती.

“घर दगडापलीकडे पडलं,” मोजणीदार म्हणाला. “म्हणजे तालिसानात.”

तालिसानच्या नगराध्यक्षांनी एक घर वाढल्याच्या खुशीने अख्खं भाजलेलं डुक्कर पाठवलं. मानांगने त्याला बोटही लावलं नाही. क्रिसांतो सान रोकेच्या दफनभूमीत होता, शेजारची जागा तिने राखून ठेवली होती, आणि तिथे फक्त सान रोकेचा रहिवासी पुरायचा असा नियम.

“तिबोय, मला तालिसानात पुरणार? त्या भांडकुदळांत?”

“मानांग, कागदापुढे माझं काय चालणार?”

त्यानंतर दोन दिवस ती उताराच्या टोकाशी उभी राहून खाली ओढ्याकडे बघत होती. खरं सांगतो, मला भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी मोजणीदार सह्या घेत बसला होता, तिथे ती येऊन उभी राहिली. “तो दगड चोरीचा आहे. माझ्या नवऱ्याने चोरला. आधी ओढ्याकाठी होता. मी पोटुशी होते, धुणं घेऊन उतार उतरवेना, म्हणून रेडा जुंपून त्याने तो वर ओढून आणला. खड्डा अजून आहे, बघून घ्या.”

“आणि इतकी वर्षं आम्हाला सांगत होतीस, दुसऱ्याच्या नारळाला...” मी तोंड घातलंच.

“नारळ होता का तो?”

मोजणीदाराने चष्मा काढला. “सरकारी खूण हलवणं गुन्हा आहे. कुठे आहे हा माणूस?”

“सान रोकेच्या दफनभूमीत, तिसरी रांग. पळून जात नाही.”

खड्डा सापडला, मापालाही जुळला. चौघांनी दगड खाली नेऊन बसवला आणि मानांग घरासकट सान रोकेत परत आली.

सोमवारी पाहतो तर डोक्यावर गाठोडं घेऊन ती एकेक पाऊल जपून टाकत उतार उतरत होती.

“मानांग, वर हापसा आहे की.”

“हापसा वर आहे, दगड खाली आहे.” ती थांबली नाही. “इतकी वर्षं त्याने मला उतरू दिलं नाही. आता त्याच्याशेजारी जायचं, तर एवढं उतरायला नको?”