करजणच्या ओट्यावरचा भूकंप

भूकंपात बायकोची थोरली बहीण गेली. अहमदाबादेत, खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या इमारतीत. तेव्हापासून बायको तरसालीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा जिना चढेना. करजणला भावाच्या बैठ्या घरी जाऊन राहिली. तिला परत आणायचं होतं, आणि ते मी माझ्या पद्धतीनं, म्हणजे नको त्या पद्धतीनं, करायला निघालो.

मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात यंत्रांखाली रबराच्या गाद्या बसवणारा माणूस. जपानात म्हणे अख्ख्या इमारतीच अशा गाद्यांवर उभ्या करतात. खाली जमीन हलते, वर घर जवळजवळ स्वस्थ! हे वाचलं आणि मला अक्कल पाजळायला जागा मिळाली. रविवारी पिशवीत साबणाची रिकामी खोकी, दोन थाळ्या नि गोट्या भरून करजण गाठलं.

ओट्यावर फळी टाकून खोक्यांचे दोन मनोरे रचले. एक थेट फळीवर. दुसरा थाळीत, त्या थाळीखाली गोट्या आणि त्याखाली दुसरी थाळी. "बघ हं," म्हणालो आणि फळीला हिसका दिला. पहिला मनोरा धाडकन आडवा. गोट्यांवरचा जरा डुलला, उभाच राहिला. मी जादूगारासारखं वर पाहिलं.

मेव्हणा म्हणाला, "वा भावोजी! आता तरसालीची बिल्डिंग उचलून धरा, मी खाली गोट्या सरकवतो."

"अरे, आधीच बांधलेल्या घराला नाही जमत. पाया घालतानाच बसवायच्या असतात त्या गाद्या. मी तत्त्व समजावतोय."

"म्हणजे यातलं आपलं घर कुठलं?" बायकोनं विचारलं.

इतकी साधी गोष्ट बसमध्ये तासभर मांडीवर पिशवी धरूनही माझ्या डोक्यात आली नव्हती. तिनं पडलेल्या खोक्यांकडे पाहिलं.

"आणि ताईचं?"

मेव्हण्याचं हसू मावळलं. त्याचीही बहीणच ती.

बायको खाली बसली. खोकी एकेक उचलून मांडीत घेऊ लागली. "ताई आधी दुसरीकडचा, तळमजल्यावरचा फ्लॅट बघत होती. मीच म्हटलं, वरचा घे, वारा येतो."

हे ती पहिल्यांदाच बोलत होती. मला इतके दिवस वाटत होतं, तिला नुसती इमारतीची भीती वाटते. मी फळी पुसत बसलो.

संध्याकाळी निघताना चल म्हणायचं धैर्य झालं नाही. ती दारापर्यंत आली.

"अहो, जिन्यात जपून," म्हणाली आणि आत गेली.