वायफायचे ढोरडॉक्टर

जगात जे काही बंद पडतं त्याला आधी ताप आलेला असतो, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची उभी नोकरी झाली. निम्मी कारंजा घाडग्याकडच्या गवळाऊ गाईंमध्ये आणि उरलेली वडनेरला. निवृत्त होऊन त्यांनी नाचणगावात घर बांधलं तेव्हा आमच्या कॉलनीत गाय तर सोडाच, एक शेळीसुद्धा नव्हती. होते ते कॉम्प्युटर. घरोघरी एकेक, आणि बहुतेक आजारी. दुसरा कोणी असता तर त्यानं कुंड्यांना पाणी घातलं असतं, नाहीतर भजनी मंडळात टाळ धरला असता. ह्यांनी पेशंट बदलले, पद्धत बदलली नाही. कॉलनी त्यांना तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणायची आणि पाठीमागे ढोरडॉक्टर. त्यांना दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं.

मी शाळेत मराठी शिकवतो. कॉम्प्युटरमधलं माझं ज्ञान बटण दाबण्यापुरतं, आणि तेही कुठलं दाबायचं ते बायकोला विचारून. घरी नेट घेऊन महिना झाला नसेल, तर एका सकाळी वायफायच्या डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. मी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. तिथल्या आवाजानं मला एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा असं करत करत बरोबर सुरुवातीलाच आणून सोडलं. दोनदा ही प्रदक्षिणा झाल्यावर बायको म्हणाली, "तुमच्यानं काही होत नाई. मागच्या गल्लीतल्या डॉक्टरसाहेबाले बोलवा न." मला वाटलं हिची काहीतरी गफलत होते आहे. पण बोलावलं.

ते आले. चपला दाराबाहेर काढल्या, मोरीत जाऊन साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आणि डब्याजवळ न जाता समोरच्या खुर्चीवर बसून लांबूनच त्याच्याकडे पाहू लागले. चांगली पाच मिनिटं. मी काही बोलायला गेलो तर बोट ओठांवर. "थांबा न सर. पेशंटले आपली सवय होऊ द्या." मग उठून त्यांनी डब्याच्या पाठीवर उपडा हात ठेवला. "आंग गरम हाये," म्हणाले, आणि माझी उलटतपासणी सुरू झाली. कधीपासून? काल संध्याकाळी कसा होता? काल काही वेगळं खाऊ घातलं? घरात कोणी नवीन माणूस आला? गोठा झाडला? आता गोठा म्हणजे नेमकं काय समजायचं, ह्या विचारात मी पडलो असताना बायको म्हणाली, "काल जाळे काढले मी त्या कोपऱ्यातले." डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली, डब्यामागे हात घातला आणि झाडूच्या धक्क्यानं सैल झालेली वायर आत दाबली. दिवा हिरवा! "जनावर कधी सांगत नाई सर, कुठं दुखते ते. मालकालेच विचारा लागते." मी आनंदानं कॉम्प्युटरकडे धावलो तर त्यांनी मला हातानं अडवलं. "आत्ता तं उभं राह्यलं. लगेच जुंपता का त्याले?" अर्धा तास आम्ही तिघं डब्यासमोर गप्प बसून चहा प्यायलो. असं का, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

पुढे कळत गेलं की हे सगळं असंच असायचं. बंद करून पुन्हा चालू करायला कंपनीवाले अर्धा मिनिट सांगतात. हे दहा मिनिटांच्या खाली मानायचे नाहीत. हातातलं घड्याळ समोर धरून बसायचे आणि नऊ मिनिटांनी कोणी स्विचकडे हात नेला की खेकसायचे. आमच्या समोरच्या निवृत्त बँकवाल्यांचा कॉम्प्युटर पासवर्ड घेईना. बँकवाले चिडून तेच तेच अक्षर ठोकत होते. डॉक्टरसाहेबांनी त्यांना बाजूला उठवलं, खाली वाकून कीबोर्ड एका अंगानं निरखला आणि म्हणाले, "ह्याचा हा एक डोळा काऊन उघडा हाये?" वरच्या कोपऱ्यात एक बारीकसा दिवा पेटलेला होता. त्यांनी कॅप्स लॉक लिहिलेलं बटण दाबून तो मिटवला, आणि पासवर्ड गपगुमान आत गेला. बँकवाले आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. कोपऱ्यावरच्या काकूंचा कॉम्प्युटर उघडायला इतका वेळ लावायचा की तोवर त्यांची भाजी फोडणीला पडून शिजून व्हायची. डॉक्टरसाहेबांनी निदान केलं: पोटफुगी. पोटात हजारो सुप्रभात निघाले. उगवता सूर्य, गुलाब, वाफाळता कप. "ताई, एवढं कोणतं जनावर पचवीन?" काकूंना एकही फोटो टाकवेना. शेवटी दोघांनी मिळून चाळीस सूर्य राखले आणि बाकीचे मावळू दिले. कॉम्प्युटर दुसऱ्या मिनिटाला उघडायला लागला, आणि काकूंना उलट चुकल्यासारखं झालं.

त्यांची सगळ्यात मोठी केस आमच्याच घरची. एप्रिल लागला आणि मागच्या खोलीतलं नेट रोज सकाळी अकराला जायचं आणि पाचला परत यायचं. सरकारी कचेरीसारखं, फक्त ह्याला रविवारही नव्हता. मी वायर दाबली, डबा बंद-चालू केला, दहा मिनिटं घड्याळ धरलं. काही नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, लक्षण दिवसभर पाहावं लागेल. सकाळी आठला येऊन बसले. नाश्ता आमच्याकडे, जेवण आमच्याकडे. अकराला रोजच्याप्रमाणे मी आणि बायकोनं कूलर चाकांवरून ओढत मधल्या दारात आणला, टाकी काठोकाठ भरली, चालू केला. "थांबा," डॉक्टरसाहेब ओरडले. आम्ही दोघं दचकून जागच्या जागी उभे. त्यांनी कूलरच्या पत्र्यावर थाप मारली, टाकीत डोकावले, इकडे डबा पाहिला, तिकडे मागची खोली पाहिली. "दोघायच्या मधात हे एवढं लोखंड अन् पाणी. कशी जाईन हाक?" मी विचारलं, "म्हणजे साहेब, नेट पाण्यानं अडतं?" ते म्हणाले, "ते मले मालूम नाई. म्हैस मधात उभी असली तं वासराले माय दिसत नाई, एवढं मालूम हाये." डबा उचलून उंच कपाटावर ठेवला आणि नेट दिवसभर राहिलं. आजही मला कोणी कारण विचारलं तर मी म्हशीपर्यंतच सांगू शकतो.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण त्यामागे एक गोष्ट होती आणि ती कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होती. त्यांची बायको वारून दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात, तोही कॉम्प्युटरमध्येच. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, आणि रोज एकच. बाबा, आता इकडे या. आणि रोज हे एकच सांगायचे. एक पेशंट हाये, तो उठू दे, मग येतो. एकदा माझ्या देखतच त्याला सांगत होते, "सराचा डबा अजून पुरता सुधरला नाई." मी पाहिलं तर डबा समोर हिरवागार दिवा लावून ठणठणीत बसला होता. मुलगा समजूतदार. तो वाद घालायचा नाही. पण एकदा त्यानं मला वेगळा फोन केला. म्हणाला, "सर, तिकडे त्यांना काही झालं तर मला पोचायला आख्खी रात्र जाते. मी काय करू, सांगा?" मी हो हो म्हणालो. मुलाचं ऐकताना मुलाचं बरोबर वाटायचं, आणि डॉक्टरसाहेब हात धुवायला मोरीकडे निघाले की त्यांचं.

मग ह्या वर्षी कंपनीनं कॉलनीतल्या सगळ्या जुन्या तारा काढल्या आणि काचेच्या नव्या तारा टाकल्या. काचेतून नेट कसं येतं हे मला कोणी समजावून सांगू नये, कारण पुलगावहून आलेल्या लाइनमननं दोनदा समजावलं आणि मी दोनदा मान हलवली. पण नेट आलं ते असं आलं की जायचं नावच घेईना. आठवडा गेला, महिना गेला. कोणाचा दिवा लाल होईना. डॉक्टरसाहेब संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारायचे, अगदी सावकाश, प्रत्येक फाटकाशी जरा थबकून. कोणी हाक मारली नाही की पुढे जायचे. दिवाळीला मुलगा आला तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "बाबा, शेवटचं कधी बोलावलं होतं कोणी?" त्यांना सांगता आलं नाही. पुढच्या रविवारचं तिकीट निघालं. हे मला बँकवाल्यांनी सांगितलं, आणि सांगताना ते उगाच चष्मा पुसत होते.

बुधवारी दुपारी मी माझ्या वयाला आणि पेशाला न शोभणारं काम केलं. बायको बाजारात गेली आहे हे पाहून स्टुलावर चढलो, डब्याची वायर उपटली आणि फोन केला. "साहेब, आमचं नेट गेलं हो." ते इतक्या लवकर आले की माझं स्टूल जागेवर ठेवायचं राहून गेलं. ते खुर्चीवर बसले. पाच मिनिटं बसले. पण ह्या वेळी ते डब्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

"सर," ते म्हणाले, "वडनेरले असताना एका म्हाताऱ्याचा बैल होता. दर सोमवारी निरोप ये, बैल चारा खात नाई. मी जाओ. बैल पाहा तं एकदम टणक. म्हातारा म्हणे, सकाळी लय खराब होता साहेब, तुमी आले अन् सुधरला. मी चहा पेओ अन् परत येओ. तीन महिने मले समजलंच नाई. मंग कोणी सांगतलं, त्याची बायको गेलती. बैलाले काहीच नोतं झालं. म्हाताऱ्याले बोलाले माणूस पाहिजे होता. तवा मी डॉक्टर होतो. आता तुमी सगळे जण मले म्हातारा करून राह्यले."

मी म्हणालो, "सगळे कोण?"

"सोमवारपासून चवथं घर हाये हे. कोणी स्विच बंद करून ठेवला, कोणी वायर गादीखाली दडवली. बँकवाल्यानं तं डबाच फ्रिजवरून काढून कपाटात कोंडला, अन् मले म्हणते, आपोआप गेला." हे सांगताना ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, "आता तुमीच सांगा सर. जाऊ का राहू?"

इतकी वर्षं मी वर्गात प्रश्न विचारत आलो. मला कोणी असा विचारला नव्हता. राहा, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मुलाचा तो फोन आठवला, आणि मी म्हणालो, "साहेब, तिकडे मुलाला तुमची गरज आहे."

"त्याच्या घरी काहीच बिघडत नाई न सर," ते म्हणाले. "हे असे डबे तोच बनवते."

त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून वायर लावली, दिवा हिरवा होईपर्यंत उभे राहिले, खाली उतरले. बायको बाजारातून आली तेव्हा ते निघाले होते. ती म्हणाली, "काय झालंतं हो नेटले?" मी म्हणालो, काही नाही. रविवारी सकाळी आख्खी कॉलनी स्टेशनवर होती. कोपऱ्यावरच्या काकूंनी चिवड्याचा डबा दिला. बँकवाले गाडी हलेपर्यंत त्यांचा हात धरून खिडकीशी उभे राहिले, ह्या माणसाला मी इतक्या वर्षांत कोणाचा हात धरताना पाहिलं नव्हतं.

आता आमच्याकडे नेट उत्तम आहे. मला ते गेले त्याचं वाईट वाटतं, आणि मुलगा आता निवांत झोपत असेल ह्याचं बरंही वाटतं. बुधवारी मी चुकलो की नाही, ह्याचा मात्र मला अजून पत्ता लागलेला नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणते, "तुमी तेवढे विचार करत नका बसू." परवा त्यांचा व्हिडिओवर फोन आला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, कुठे काही अडकलं नाही. त्यांच्या मागे पांढरी भिंत होती आणि नवा कोरा सोफा. नातीच्या शाळेबद्दल बोललो, इकडच्या थंडीबद्दल बोललो. पाच मिनिटांत सगळं संपलं. मग ते माझ्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे, आणि फोन आता कोणी ठेवायचा ते दोघांनाही कळेना.