शेवग्याखालची जुनी टाकी

भूतखेत, अमानवीय वगैरे मी मानत नाही. खरं सांगायचं तर मला दिसणाऱ्या माणसांवरच विश्वास ठेवता येत नाही, न दिसणाऱ्यांवर कुठून ठेवणार? दूधवाल्यासमोर मी दूध बोटाला लावून बघते. पाहुणे गेले की चमचे मोजते. माझे मिस्टर हसायचे, म्हणायचे, "तू देवालेही पावती मागशील." तर अशा बाईचा हा अनुभव आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

आम्ही तुमसरचे. मिस्टरांचा एक जुना ट्रक आहे. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज भरायचं आणि तुमसरला आणून टाकायचं, हेच त्याचं काम. मिस्टर दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून ट्रक मी बघते आणि चालवतात देवाजीभाऊ, मिस्टरांच्या वेळचेच ड्रायव्हर. माझ्या दिराचं मात्र पहिल्या दिवसापासून एकच पालुपद — ट्रक विका, आमच्याकडे येऊन राहा, बाईमाणसाचं काम नाही हे. दिराच्या घरी जाऊन राहणं म्हणजे काय, ते ज्या बायांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ट्रक आहे तोवर माझी चूल माझी आहे, बस.

गेल्या हिवाळ्यात गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. मिस्त्रीने टाकी खाली उतरवली तर आतून गंजून पार सडलेली. तळाला एवढं भोक होतं की मिस्त्रीने माझ्यासमोर त्यातून करंगळी आरपार घालून दाखवली. डिझेलचे पाइपही खराब झाले होते. मग टाकी नवी, पाइप नवे, सगळंच नवं बसवलं.

जुनी टाकी मी भंगारात देणार होते. देवाजीभाऊ आडवे आले. "राहू द्या न वहिनी. मालकाच्या हातची आहे." आणि परसात शेवग्याखाली दोन विटांवर ठेवून दिली.

माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. भोक पडलेली टाकी ड्रायव्हरला कायले पाहिजे?

त्यात नव्या टाकीचं डिझेल हिशोबापेक्षा लवकर संपायला लागलं. दीर म्हणालेच, "वहिनी, थो देवाजी तेल काढून राहिला. गाडी विकून टाका." आता गंमत बघा. डिझेलची टाकी गळायला लागली की आमच्याकडचे ड्रायव्हर तिथे कपडे धुवायचा साबण मळून थापतात. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, काम भागतं. मिस्टरही हेच करायचे. म्हणजे जुन्या टाकीचं भोक साबणाने बुजवायचं, चोरलेलं डिझेल त्यात साठवायचं आणि तेही माझ्याच परसात! मी तर मनातल्या मनात खटलासुद्धा चालवून मोकळी झाले. पण बॅटरी घेऊन बघितलं तर साबणाचा मागमूस नाही. भोक होतं तसंच होतं.

तरी माझं समाधान होईना. एके दिवशी सकाळी मी स्वतः पेट्रोल पंपावर उभी राहिले. डोळ्यांसमोर टाकी काठोकाठ भरून घेतली. आमच्या गाडीचा काटा कधीच मेलेला, त्यामुळे डिझेल किती आहे ते टाकी ठोकून बघायची मिस्टरांची पद्धत. बोटांच्या पेरांनी खालून वर टक टक करत जायचं. डिझेल आहे तिथवर आवाज भरीव, त्याच्या वर पोकळ. आणि शेवटी, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, तळहाताची एक थाप. ठोकण्याची पद्धत देवाजीभाऊंनी उचलली होती. थाप मात्र मिस्टरांचीच, ती दुसरं कोणी मारत नसे. देवाजीभाऊंनी ठोकून दाखवलं — वरपर्यंत भरीव. ते चिखल्याला निघाले.

घरी येऊन मी जुन्या टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. मग चुलीतली राख चाळून टाकीभोवती पसरली. म्हटलं, आता येऊ दे कोण येतो ते.

दुपारी मी मागच्या पायरीवर लाखोळीची डाळ निवडत बसले होते. लख्ख ऊन. परसात मांजरसुद्धा नव्हतं.

टक... टक... टक...

खालून वर. सगळे आवाज भरीव. आणि शेवटी — थाप.

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? वीस वर्षं रोज सकाळी ऐकलेली थाप होती ती! पण मी पडले संशयी. आधी राख बघितली. पाऊल नाही, चिमणीचा पंजाही नाही. कुलूप जागच्या जागी. मी राखेवरून गेले, कुलूप काढलं आणि शेवग्याची एक वाळकी काडी आत घातली.

काडी वरपर्यंत ओली आली. डिझेल.

वाकून खाली बघितलं. भोक तसंच आणि खालच्या विटा कोरड्या. पुन्हा कुलूप लावलं.

मी फोन लावला — आणि हेही सांगते, देवाजीभाऊंना पकडायलाच लावला. मी बोलायच्या आत तेच म्हणाले, "वहिनी, मी तुमालेच फोन लावून राहिलो होतो. परत येताना गाडी बंद पडली गोबरवाहीजवळ. टाकी कोरडी आहे."

"कोरडी? सकाळी माझ्यासमोर भरली ना!"

"माह्या लेकराची शपथ वहिनी, मले काही समजून नाई राहिलं."

मिस्त्रीला घेतलं आणि त्याच्याच मोटरसायकलवर गोबरवाही गाठलं. मँगनीज भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता. टाकीखाली थेंब नाही, मागे रस्त्यावर ओघळ नाही. देवाजीभाऊ माझ्या डोळ्याला डोळा देईनात. चोर पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. आता ट्रक विकावा लागणार, एवढंच मनात येत होतं.

मिस्त्री गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, माहीच चूक. पाइप बांधायचा क्लॅम्प ढिला राहिला. नवा पाइप सायलेन्सरले टेकला अन् जळून फाटला."

"म्हणजे डिझेल तिथून सांडलं?"

"सांडलं असतं त गाडी पेटली असती न! सायलेन्सर लाल होते या चढावर. पण त्याच्यावर तेलाचा डागही नाई. पाइप फाटायच्या आधीच टाकी खाली झाली होती."

मग मी दोघांना दुपारची ती थाप आणि ओली काडी सांगितली. देवाजीभाऊंनी टाकीवर हात ठेवला, म्हणाले, "मालकानं नेलं वहिनी."

मला रडू फुटलं. आणि रागही आला, खरंच आला. "नेलं तर सांगून न्यायचं ना," मी म्हणाले. "जिवंत होते तेव्हाही सगळं न सांगताच करायचे."

संध्याकाळी घरी येऊन तिघांनी जुनी टाकी उघडली. आत ठणठणीत कोरडं, नुसता गंज. राखेत माझीच पावलं होती.

मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. मिस्त्री स्वतःची चूक झाकायला काहीही बोलला असेल. देवाजीभाऊंनी वाटेत डिझेल विकलंही असेल. पण मग ती काडी? ती माझ्या कपाटात आहे, अजून वास येतो. आणि आधी कमी पडणारं डिझेल कुठे जात होतं, तेही कळलं नाही. क्लॅम्प बदलल्यावर ते कमी पडायचं थांबलं. का थांबलं, हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही.

ट्रक विकलेला नाही. दिराने भंगारवाला पाठवला होता, त्याला मी दारातूनच वाटेला लावलं. आता देवाजीभाऊ रोज सकाळी आधी नवी टाकी ठोकतात, मग परसात जाऊन जुनी. जुनी पोकळ वाजली की मी म्हणते, "जा." ती भरीव वाजली तर त्या दिवशी गाडी निघणार नाही, हे आमचं न बोलता ठरलेलं आहे.

झाकणाला कुलूप मी अजूनही लावते. सवय आहे, जात नाही. पण किल्ली आता कमरेला नसते. ती मी तिथेच, टाकीवर ठेवते.