आजीनं दाण्याला तेल लावलं

गेल्या रविवारी सकाळी आमचा दाण्या पळाला. सापडला, काळजी नसावी... पण मधल्या वेळात माझा जीव टांगणीला लागला होता, म्हणून लिहितोय.

दाण्या म्हणजे आमच्या इराचा फेरेट. मुंगसासारखा लांबुडका, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचा आणि एक नंबरचा उचापती. आठवीतल्या पोरीनं हट्ट धरला आणि आम्ही हरलो. मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस, मग पिंजरा साफ करायला बाबा आहेच.

कसलं काय! पोरीनं मला खोटं पाडलं. लस, नखं, खाणं... सगळं ती बघते. आणि फिरायला तर असं नेते की परदेशातल्या आमच्या या कॅरी गावातल्या कुत्रेवाल्यांनी तिच्याकडे क्लास लावावा.

फेरेटला गळ्यात पट्टा चालत नाही. डोकं आणि मान जवळजवळ एकाच मापाची, सुळकन निघतो. म्हणून छातीपोटाला बांधायचा हार्नेस, तोही करंगळी जेमतेम जाईल इतकाच सैल. त्याला उकाडा सोसत नाही, म्हणून इथल्या उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत घरी परत. वर ससाणा घिरट्या घालतोय का, तेही बघायचं.

शिवाय घरात रोज एक चूं-चूं वाजणारं खेळणं दाबून त्याला बोलवायचं, आला की माशाच्या तेलाचा थेंब चाटायला द्यायचा... का, तर उद्या सुटलाच तर आवाजावर परत यावा. मी ऑफिसात नवं सॉफ्टवेअर सोडतानाही एवढी तयारी करत नाही.

माझी आई सध्या सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलीय. पहिल्या दिवशी तिनं दाण्याला बघून हात जोडले, मुंगूस दिसणं शुभ म्हणून. हे मुंगूस नाही असं आम्ही सांगून दमलो. आठवड्याभरात तो तिच्या मांडीवर झोपायला लागला.

तर त्या रविवारी इरानं हार्नेस बांधला, करंगळी घालून तपासला आणि शूज घालायला वर गेली. तेवढ्यात आईला त्याची दया आली... पट्टे काचत असतील बिचाऱ्याला. स्वतःच्या डोक्याला लावायला खोबरेल कोमट केलेलंच होतं. तिनं पट्ट्यांखाली बोटं सरकवून छान चोळलं, तान्ह्या बाळाला लावतात तसं, आणि ओढणीला हात पुसले.

आम्ही तिघं घरामागच्या ट्रेलवर, म्हणजे झाडीतल्या पायवाटेवर गेलो. वळणावर एक भलंमोठं कुत्रं भुंकलं, दाण्या दचकून मागे सरकला... आणि इराच्या हातात नुसती लीशची दोरी, तिला लटकलेला रिकामा हार्नेस. दाण्या ट्रेलखालून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या पाइपात गडप.

मी काय केलं? ओरडलो. आईनं हाका मारायला सुरुवात केली. मी पाइपात मोबाइलचा टॉर्च मारला, तसा तो आणखी आत गेला.

इराचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज चढला नाही. तिनं मला पाइपच्या दुसऱ्या तोंडाशी जाऊन गप्प बसायला सांगितलं. गेलो बापडा. बाटलीला बूच लावावं तसा चिखलात पाठ टेकून बसलो.

ती खिशातलं ते चूं-चूं खेळणं वाजवत राहिली. एरवी धावत येणारा दाण्या आज येईना, घाबरला होता. इकडे ऊन चढत चाललं होतं, आणि त्या उकाड्यात तो आत किती तग धरेल याचा विचारही नको वाटत होता.

मग इरानं तो रिकामा हार्नेस हातात घेतला. बोटं बुळबुळीत झाली. तिनं वास घेतला आणि वर बघितलं... आईला कळलं.

"मीच लावलं गं तेल. माझ्यामुळं गेला तो."

मी पलीकडून तोंड उघडणार होतो. इरानं मात्र आजीची ओढणी मागितली. तेलाचा वास लागलेली ओढणी पाइपच्या तोंडाशी पसरली, शेजारी पोटावर आडवी झाली आणि खेळणं अगदी हळू वाजवलं.

बराच वेळ काहीच नाही... मग एक ओलं नाक दिसलं. दाण्या ओढणीवर आला आणि चाटायला लागला. तिनं झडप घातली नाही. मनसोक्त चाटू दिलं, मग सावकाश ओढणीत गुंडाळून छातीशी धरला आणि तेव्हा कुठे रडली. मीही रडलो, पण चिखलात होतो, कुणी पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी आईला सुनावलंच. विचारायचं तरी होतंस... वगैरे. ती दिवसभर दाण्या मांडीवर आला की त्याला अलगद खाली ठेवत राहिली. मला वाईट वाटत होतं, पण माघार घ्यायची आमच्यात पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरा हार्नेस बांधलेल्या दाण्याला घेऊन आजीसमोर उभी राहिली आणि लीश तिच्या हातात दिली. आई मागे सरकली. नको बाई, तुझं तूच ने म्हणाली.

माझी लेक घरात सगळी उत्तरं इंग्लिशमध्ये देते. आजीशी मात्र मोडक्या मराठीत बोलते. म्हणाली,

"आजी, आता तूच सगळ्यात घट्ट धरशील."

आईनं लीश मनगटाला दोन वेढे देऊन धरली. तिच्या डोळ्यांकडे मी बघितलं नाही, बघवलं नाही.

चुकलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्याच दिवशी दोरी द्यायची... हे पोरीला कुणी शिकवलं कोण जाणे. माझ्याकडून तर नक्कीच शिकली नाही.