खालच्या मजल्यावरचा इटालियन

अर्विंगच्या आमच्या अपार्टमेंटची जमीन लाकडी होती. खाली कोणी शिंकलं तरी वर कळायचं. त्यामुळे २००३ सालच्या एका दुपारी खालून ओळखीच्या हिंदी सिनेमातल्या गाण्याची चाल ऐकू आली, तेव्हा मला खात्रीच पटली की खाली कोणीतरी देशी राहायला आलंय. लग्न करून टेक्सासला येऊन मला जेमतेम वर्ष होत होतं. नवऱ्याचा व्हिसा नोकरीचा, माझा त्याच्या बायकोचा. म्हणजे मी एम.एस्सी. असले तरी काम करायची परवानगी नाही. दिवसभर बोलायला माणूस नसायचं. मी डब्यात शिरा भरला आणि तडक खाली गेले.

दार उघडलं ते चाळिशी ओलांडलेल्या, टक्कल पडलेल्या एका गोऱ्या माणसाने. अंगात बनियन, गळ्यात हेडफोन. मी गोंधळून म्हटलं, "हे आमच्या सिनेमातलं गाणं तुमच्याकडे कसं?"

तो म्हणाला, "हे माझं गाणं आहे. मी केलंय."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो खो खो हसला. "चोराच्या उलट्या बोंबा, यार! या गाण्यावर मी कॉलेजच्या गॅदरिंगला नाचलोय." दुसऱ्या दिवशी मी सिनेमाची कॅसेट घेऊन पुन्हा खाली. त्याने शांतपणे आपली जुनी रेकॉर्ड काढून दाखवली. तिच्यावरचं साल आमच्या सिनेमाच्या आधीचं होतं. मग त्याने आमची कॅसेट डोळे मिटून पूर्ण ऐकली. मला वाटलं, आता हा चिडणार. तो म्हणाला, "तबला चांगला आहे. मला सुचायला हवा होता."

तो इटलीतल्या रिमिनीजवळचा. तिथल्या समुद्रकाठच्या क्लबांमध्ये डीजे म्हणून रेकॉर्डी लावता लावता तो स्वतःच गाणी करायला लागला होता. ठेका, चाल, सगळं यंत्रावर याचंच. गायला एखादी बाई बोलवायची, दुपारभरात तिच्याकडून गाऊन घ्यायचं, की झालं. आपल्याकडे अशा माणसाला संगीतकार म्हणतात आणि हार घालतात. तिकडे त्याला प्रोड्यूसर म्हणतात आणि कोणी ओळखत नाही. हे गाणं नव्वदीच्या दशकात अर्ध्या युरोपात वाजलं होतं, पण रेकॉर्डवर त्याचं नाव कुठेच नव्हतं. होता तो एका सोनेरी केसांच्या मुलीचा फोटो आणि एका बँडचं नाव. असा बँडच अस्तित्वात नव्हता.

"हे असं का?" मी विचारलं.

त्यांच्या धंद्यात तशी रीतच होती. हे लोक महिन्याला नवी रेकॉर्ड काढत. पुन्हा पुन्हा तेच नाव दिसलं की दुकानदार आणि डीजे कंटाळणार, 'पुन्हा हाच का' म्हणून बाजूला ठेवणार. म्हणून प्रत्येक रेकॉर्डला नवं नाव. कधी अमेरिकन वाटणारं, कधी बाईचं, कधी नुसती अक्षरं. आणि टीव्हीवर ओठ हलवायला एक देखणी मुलगी. ती मुलगी गात नसे आणि गाणारी दिसत नसे. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्यालाही नाही. नावं सुचवण्यात आपला हात कोणी धरायचा नाही, असं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा.

मला मात्र ते ऐकून राग आला. नाव बदलण्याचा मला तिटकाराच होता. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सासूबाईंनी सुचवलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही हसले. पण माझ्या पदव्या जुन्या नावावर आणि पासपोर्ट नव्या नावावर, आणि त्या दोघी एकच हे सिद्ध करायला मी किती प्रतिज्ञापत्रं केली असतील! हा माणूस ते हौसेने करत होता.

त्याला काम मिळावं म्हणून आम्ही त्याला इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावलं. जेवणानंतर, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये त्याने आपलं गाणं लावलं. लेकरांपासून काका-काकूंपर्यंत सगळे उठले आणि दोन मिनिटांत कुरकुर सुरू झाली. मंडळाच्या अध्यक्ष काकू माझ्याकडे आल्या. "अगं, ह्याला सांग ना, हे कुठलं तरी रीमिक्स नको. ओरिजिनल लाव म्हणावं!"

काकूंची समजूत काढायला मी तोंड उघडलं, पण त्याला सगळं कळलं होतं. त्याने खाली वाकून सिनेमाची सीडी लावली. लोक बेभान नाचले. तो कोपऱ्यात उभा राहून ठेका धरत होता.

तो इथे राहू शकला नाही, हे आत्ताच सांगून टाकते. त्याला डॅलसच्या एका क्लबने आणलं होतं, तेव्हा कागदपत्रांचं सगळं क्लबच्या मालकाने जमवलं. मग क्लब बंद पडला आणि व्हिसाची मुदत संपत आली. कलाकारांचा व्हिसा नव्याने हवा तर आपण नावाजलेले कलाकार आहोत हे दाखवावं लागतं. वर्तमानपत्रांतली कात्रणं, रेकॉर्डी, बक्षिसं. त्याच्याकडे हे सगळं ढिगाने होतं. फक्त एकाही कागदावर तो नव्हता.

त्याला अमेरिका का हवी होती, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "तिकडे सगळ्यांना वाटतं माझं संपलं. इथे अजून कोणाला माहीत नाही की मी सुरू तरी केलं होतं." त्याच्या टेबलावरच्या यंत्रात नवी गाणी तयार होती. मी ऐकली आहेत ती. जुन्यापेक्षा चांगली होती. या वेळी ती स्वतःच्या नावावर काढायची असं त्याने ठरवलं होतं.

मला वेळच वेळ होता, आणि नावांच्या लफड्यात माझा हातखंडा. मी त्याची फाइल करायला घेतली. वकिलाने शेवटी एकच तोडगा सांगितला. त्या मोठ्या गाण्यावर जिचा फोटो आहे तिने लिहून द्यावं की हे गाणं या माणसाने केलं, मी केवळ चेहरा होते. बाकी आपण बघू.

आणि योगायोग असा की तीच बाई डॅलसला येत होती. जुन्या डान्स गाण्यांच्या कार्यक्रमाचे फलक लागले होते. त्यांवर तिचा फोटो आणि त्याने शोधलेलं ते बँडचं नाव. तिला अमेरिकेचा व्हिसा विनासायास मिळाला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, असं मी चरफडत म्हटलं. शनिवारी दुपारी, कार्यक्रमाआधी तिची तालीम असते तेव्हा, नवऱ्याने आम्हा दोघांना तिकडे नेलं. कागद मी टाइप करून घेतला होता. नुसती सही हवी होती.

मी मनात एक टापटिपीची, नखरेल बाई धरून गेले होते. स्टेजवरून उतरली ती थकलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई. त्याला बघून तिने धावत येऊन मिठी मारली आणि ती रडायलाच लागली. दोघं इटालियनमध्ये बोलत होते. तिने पाकिटातून मुलाचा फोटो काढून दाखवला. मग ती काहीतरी तक्रार करत स्पीकरकडे बोट दाखवू लागली, आणि हा माणूस उठला, मिक्सरपाशी गेला आणि बटणं फिरवत बसला. रेकॉर्ड पुन्हा लागली. ती स्टेजवर जाऊन माइक तोंडापाशी धरून ओठ हलवू लागली. आवाज आता खणखणीत येत होता.

मी खुणेने विचारलं, कागद? त्याने नकारार्थी मान हलवली.

गाडीत बसल्यावर मात्र माझा संयम सुटला. "तिला विचारलं का नाही?"

"तिने लिहून दिलं तर तिचे कार्यक्रम बंद. मुलाला ती एकटी वाढवते."

"आणि तुमचं काय? तुम्ही खोटं बोलायला सांगत नव्हता, खरं सांगायला सांगत होता!"

तो म्हणाला, "खरं लिहायचं तर पहिली ओळ तिची यायला हवी."

"कोणाची?"

"जी गायली तिची. दुपारी आली होती. तान्हं मूल होतं बरोबर, सोफ्यावर निजवलेलं. दुसऱ्या कडव्यात तिचा श्वास जरा अडकतो. मूल हललं म्हणून तिने तिकडे बघितलं. मी म्हटलं, पुन्हा नको, हेच छान आहे." तो खिडकीबाहेर बघत होता. "दुपारचे पैसे दिले आणि ती गेली. तिच्या आवाजावर सगळं चाललं. माझं, हिचं, तुमच्या सिनेमावाल्यांचंसुद्धा."

"मग तिचं नाव लिहा ना पहिल्या ओळीत," मी म्हटलं.

"तिचं नाव..." म्हणून तो अडखळला. मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा इतके महिने ज्याची बाजू घेऊन मी जगाशी भांडत होते त्याचाच मला भयंकर राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. राग कोणावर काढावा तेही कळेना.

मग तो हळूच आठवू लागला. एक नाव उच्चारायचा, ते कानाला लावून बघायचा, आणि नाही म्हणायचा. मग दुसरं. हायवेवर, आमच्या गल्लीत वळताना, पार्किंगमध्ये गाडी थांबली तरीही. इटालियन बायकांची कितीतरी सुंदर नावं मी त्या दुपारी ऐकली. त्यातलं एकही तिचं नव्हतं.