ब्रीडबाईंचं बाद मत

उरणच्या तहसील कचेरीतून बाळासाहेब अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्याला दहा वर्षं होत आली होती. पत्नी माधवीबाई गेल्यावर मुलगा नितेश त्यांना तीन महिन्यांसाठी म्हणून आयर्लंडला घेऊन आला, आणि करोनामुळे विमानंच बंद पडली. काम घरूनच करायचं ठरल्यावर नितेशने डब्लिनजवळच्या डून लेरीतलं भाड्याचं घर सोडून पश्चिमेकडच्या मेयोच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर बिऱ्हाड हलवलं. एरवी उन्हाळ्यात पर्यटकांनी फुलून जाणारं ते बेट वर्षभर ओस पडलं होतं. बाळासाहेब खिडकीशी बसून समुद्र बघत. आपल्याला कोणी काही विचारत नाही, याचीही त्यांना सवय होत चालली होती.

एकवीस सालच्या मे महिन्यात बेटाच्या सहकारी संस्थेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली. धक्का, पाणी, बोटींच्या फेऱ्या, सगळं ही संस्था बघे. पर्यटक परत येणार, तर रोज किती बोटी येऊ द्यायच्या, यावरून बेटाचे दोन तट पडले आणि दोन उमेदवार उभे राहिले. सायकली भाड्याने देणाऱ्या पॉरिकला जितक्या येतील तितक्या हव्या होत्या. होस्टेल चालवणारी नोरीन म्हणे, मुक्कामाला येणारे येऊ देत, दिवसभराची झुंबड नको.

मतदार जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी, आणि सगळे एकमेकांचे नातलग. दरवेळी मोजणीला पलीकडच्या गावातून एक बाई येत, पण यंदा निर्बंधांमुळे त्यांचं येणं रद्द झालं. बाबांनी हयातभर निवडणुकीची ड्युटी केली आहे, असं नितेश कुठेतरी बोलून गेला. दुसऱ्या दिवशी पॉरिक आणि नोरीन दोघंही दारात हजर.

बाळासाहेबांनी इस्त्रीचा शर्ट काढला. नियम स्वतःच्या अक्षरात लिहून त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि कागद शाळेच्या दारावर लावला. मतपत्रिका कापताना त्यांना घारापुरीची ड्युटी आठवत राहिली. मांडीवर मतपेटी घेऊन लाँचमधून जायचं, शाळेच्या पडवीत पथारी पसरायची, माधवीने बांधून दिलेल्या दशम्या सगळ्यांनी मिळून संपवायच्या. लेणी बघायला आलेले परदेशी पाहुणे रांगेतल्या बायांचे फोटो काढत, आणि बाया पदर सावरून त्यांच्याकडे टकामका बघत.

टेकडीवर एकट्या राहणाऱ्या ब्रीडबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. बेटावर बाळासाहेबांची मैत्री अशी त्यांच्याशीच. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या घराच्या कुंपणाच्या दोन बाजूंना बसून दोघं चहा पीत. गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरवेना, म्हणून दोन्ही उमेदवारांची माणसं बरोबर घेऊन बाळासाहेबच पेटी घेऊन वर गेले, आणि त्यांचं मत देऊन होईपर्यंत पाठ करून उभे राहिले.

मोजणीत पॉरिकला एक्केचाळीस मतं झाली, नोरीनला चाळीस. एक मतपत्रिका उरली होती. तिच्यावर नोरीनपुढे फुली होती आणि शेजारी थरथरत्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता, ‘ग्रँड’, म्हणजे तिथल्या बोलीत ‘छान’. ते अक्षर खोलीतल्या प्रत्येकाने ओळखलं. बाळासाहेबांनी तर ते ब्रीडबाईंच्या नाताळच्या कार्डावर पाहिलं होतं.

मत धरलं असतं तर बरोबरी झाली असती. बाळासाहेबांनी दारावरचा कागद काढून आणला आणि कलम वाचून दाखवलं: मतदार ओळखू येईल असं काही लिहिलेली मतपत्रिका बाद. नोरीननेच पुढे होऊन पॉरिकचं अभिनंदन केलं.

हे ब्रीडबाईंना दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून बाळासाहेब तडक टेकडी चढले. ब्रीडबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

चार दिवस बाळासाहेब कुंपणापाशी गेले, पण आतून कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी त्या आल्या, पण चहा न आणता.

“तुमच्या गावी काय केलं असतं?” त्यांनी विचारलं.

“हेच,” बाळासाहेब म्हणाले. “एकदा सख्ख्या मेहुण्याचं मत बाद केलं होतं. बायको आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.”

“आठवडाभरच?” ब्रीडबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांनी आपल्या पहिल्या मतदानाची गोष्ट काढली. पेटी न्यायला येणारी होडी वादळात तीन दिवस अडकली होती, आणि त्या पेटीवर त्यांचे वडील पहारा देत बसले होते. बाळासाहेबांनी विचारलं, पेटीला सील कसलं लावायचे, लाखेचं का? ब्रीडबाईंना ते नेमकं आठवत होतं.